इलेक्ट्रॉन मोजत का नाहीत? अणुवस्तुमानांकाच्या एका प्रचलित स्पष्टीकरणाची चिकित्सा

१. तपासायचे वाक्य

अणुरचनेचा पाठ पुस्तकातून वाचा, कुणाच्या नोट्समधून वाचा किंवा फळ्यावरून उतरवून घ्या, त्यात एक वाक्य बहुधा भेटतेच. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय असा असतो: इलेक्ट्रॉनचे वस्तुमान नगण्य असते, म्हणून अणुवस्तुमानांक काढताना इलेक्ट्रॉन धरत नाहीत. परीक्षेत ‘कारणे द्या’ या प्रश्नाला हेच उत्तर अपेक्षित असते आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात.

या टिपणात आपण हे एकच वाक्य तपासणार आहोत. त्यातला निष्कर्ष बरोबर आहे, कारण चुकीचे आहे. अणुवस्तुमानांकात इलेक्ट्रॉन धरत नाहीत हे खरे. पण ते हलके आहेत म्हणून धरत नाहीत, हे खरे नाही. निष्कर्ष बरोबर असला की कारणाकडे कुणी फारसे पाहत नाही आणि ते पुढच्या इयत्तेत जसेच्या तसे जाते. बारावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षी केंद्रकीय विघटनाची गणिते सुरू होतात, तेव्हा ते अडचण करू लागते. म्हणून ही चिकित्सा विद्यार्थ्यांसाठी आहे, तशी शिकवणाऱ्यांसाठीही आहे. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन, अणुअंक आणि समस्थानिक या संज्ञा तुम्हाला माहीत आहेत असे येथे गृहीत धरले आहे.

२. वाक्यात खरे किती आहे

आधी वाक्याला न्याय देऊ. वस्तुमानांचे आकडे डाल्टन या एककात पाहू. कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे एक डाल्टन.

प्रोटॉन: १.००७२७६ डाल्टन
न्यूट्रॉन: १.००८६६५ डाल्टन
इलेक्ट्रॉन: ०.०००५४८५८ डाल्टन

प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड आहे. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनचा वाटा ०.०५४ टक्के, कार्बन-१२ मध्ये सहा इलेक्ट्रॉनांचा मिळून ०.०२७ टक्के आणि युरेनियम-२३८ मध्ये ९२ इलेक्ट्रॉनांचा मिळून ०.०२१ टक्के. तेव्हा अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान केंद्रकात असते, हे विधान निःसंशय बरोबर आहे.

‘नगण्य’ या शब्दाबाबत मात्र जरा थांबावे. ६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातील सगळ्या इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान काढले, तर ते सुमारे १८ ग्रॅम भरते, म्हणजे दीड तोळा. काट्यावर उभे राहून वजन करणाऱ्याला दीड तोळा नगण्य आहे. सोनाराला तो नगण्य नाही. नगण्य हा वस्तूचा गुणधर्म नसतो. कोणत्या कामासाठी, कोणत्या अचूकतेने आणि कशाच्या तुलनेत, हे ठरल्यावरच त्या शब्दाला अर्थ येतो. आपल्या वाक्यात यांपैकी काहीच सांगितलेले नसते. या मुद्द्याकडे आपण सातव्या भागात पुन्हा येऊ. त्याआधी मुख्य आक्षेप पाहू.

३. मोजदाद आणि मोजमाप

अणुवस्तुमानांकाची व्याख्या अशी: केंद्रकातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या. या दोन्ही कणांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. म्हणून अणुवस्तुमानांक म्हणजे न्यूक्लिऑनांची संख्या. ती नेहमी पूर्णांक असते आणि तिला एकक नसते. ही मोजदाद आहे.

अणुवस्तुमान म्हणजे अणूचे वस्तुमान. त्याला एकक असते, ते प्रयोगाने ठरवावे लागते आणि बहुतेक वेळा अपूर्णांकात येते. हे मोजमाप आहे.

मराठीत आपण पैसेही मोजतो आणि कापडही मोजतो. पैसे मोजताना आपण नग गणतो, कापड मोजताना लांबी मापतो. क्रियापद एकच असल्यामुळे ‘इलेक्ट्रॉन मोजत नाहीत’ या वाक्यात नेमके काय करत नाहीत, हे निसटून जाते. इलेक्ट्रॉन मापत नाहीत असे म्हणायचे आहे की गणत नाहीत असे?

मोजदादीत एखादी गोष्ट धरायची की नाही, हे तिच्या वजनावर ठरत नाही. ती त्या जातीची आहे की नाही, यावर ठरते. वर्गाच्या पटसंख्येत दप्तरे धरत नाहीत. दप्तर मुलापेक्षा हलके असते हे खरे, पण ते कारण नव्हे. दप्तर म्हणजे मूल नव्हे, हे कारण आहे. उद्या एखाद्याने मुलाइतके जड दप्तर आणले तरी पटसंख्या वाढणार नाही. तसेच, इलेक्ट्रॉन हा न्यूक्लिऑन नाही, म्हणून न्यूक्लिऑनांच्या मोजदादीत तो येत नाही. कारण एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे.

आता कुणी म्हणेल की शेवटी अणुवस्तुमानांक आणि अणुवस्तुमान जवळपास सारखेच येतात आणि जो थोडा फरक राहतो तो इलेक्ट्रॉन सोडल्यामुळे राहतो. आकडे काय सांगतात ते पाहू.

हेलियम-४ च्या अणूत दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन आणि दोन इलेक्ट्रॉन आहेत. सुट्या कणांची बेरीज ४.०३२९८० डाल्टन होते. प्रत्यक्षात अणूचे वस्तुमान ४.००२६०३ डाल्टन आहे. फरक ०.०३०३७७ डाल्टन. दोन इलेक्ट्रॉनांचे मिळून वस्तुमान ०.००१०९७ डाल्टन. म्हणजे बेरजेतली तफावत इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाच्या सुमारे २८ पट आहे. ती आली आहे केंद्रकाच्या बंधनऊर्जेतून. न्यूक्लिऑन एकत्र बांधले जाताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढ्या प्रमाणात वस्तुमान कमी होते.

लोह-५६ पाहा. अणूचे वस्तुमान ५५.९३४९३६ डाल्टन, तेही २६ इलेक्ट्रॉन धरून. अणुवस्तुमानांक ५६. येथे इलेक्ट्रॉन ‘न सोडता’ सुद्धा वस्तुमान अणुवस्तुमानांकापेक्षा कमी आहे. इलेक्ट्रॉन सोडल्यामुळे फरक पडतो, हे स्पष्टीकरण येथे दिशेनेच चुकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १९६१ पासून रसायनशास्त्रात वस्तुमानाचा मापदंड कार्बन-१२ हा आहे आणि त्याचे १२ डाल्टन हे वस्तुमान व्याख्येनेच ठरलेले आहे. ही व्याख्या उदासीन अणूची आहे, नुसत्या केंद्रकाची नाही. त्या १२ मध्ये सहा इलेक्ट्रॉनांचे ०.००३२९१ डाल्टन समाविष्ट आहेत. म्हणजे जो अणू आपण मापदंड म्हणून घेतो, त्यातच इलेक्ट्रॉन धरलेले आहेत. ‘अणूचे वस्तुमान काढताना इलेक्ट्रॉन धरत नाहीत’ हे विधान अणुवस्तुमानाला लावले, तर ते सरळ चूक आहे.

४. कारणाची कसोटी

एखादे कारण खरे आहे का, हे तपासण्याची साधी रीत आहे. ते कारण काढून टाकून पाहायचे. इलेक्ट्रॉनाच्या जागी तसाच ऋणभारित, पण जड कण बसवता आला तर? निसर्गात असा कण आहे. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २०७ पट जड असून त्याचे वस्तुमान ०.११३ डाल्टन आहे. नऊ म्यूऑन मिळून एका प्रोटॉनपेक्षा जड होतात. याला कुणी नगण्य म्हणणार नाही. म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदच टिकतो, पण तेवढ्या वेळात अणूत इलेक्ट्रॉनाची जागा घेऊ शकतो.

हेलियम-४ च्या दोनपैकी एका इलेक्ट्रॉनाच्या जागी म्यूऑन बसवून केलेल्या रासायनिक प्रयोगांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हे प्रयोग कॅनडातील ट्रायम्फ प्रयोगशाळेत झाले होते. जड म्यूऑन केंद्रकाच्या अगदी जवळ राहतो आणि त्याचा एक धनभार झाकतो, त्यामुळे हा अणू रासायनिक दृष्ट्या हायड्रोजनसारखा वागतो. त्याचे वस्तुमान सुमारे ४.१ डाल्टन आहे. त्याचा अणुवस्तुमानांक किती? चारच, कारण केंद्रकात न्यूक्लिऑन चारच आहेत. केंद्रकाबाहेरचा कण २०७ पट जड झाला तरी अणुवस्तुमानांक हलला नाही. ‘हलका आहे म्हणून धरत नाही’ हे कारण या कसोटीवर टिकत नाही.

मग न्यूक्लिऑनांची वेगळी मोजदाद ठेवायची तरी कशाला? कारण ही संख्या केंद्रकीय बदलांत टिकून राहते. कार्बन-१४ चे नायट्रोजन-१४ मध्ये रूपांतर होते तेव्हा एक न्यूट्रॉन जाऊन एक प्रोटॉन येतो. एक इलेक्ट्रॉन नव्याने निर्माण होतो आणि सोबत एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतो. न्यूक्लिऑन आधी १४ होते, नंतरही १४. इलेक्ट्रॉनांची संख्या मात्र बदलली. साध्या आयनीभवनातही ती बदलते. सोडियमचा अणू आणि सोडियम आयन यांत एका इलेक्ट्रॉनाचा फरक आहे, अणुवस्तुमानांक दोघांचा २३ आहे. जी संख्या टिकते तिची नोंद ठेवण्यात अर्थ असतो. केंद्रकीय समीकरण दोन्ही बाजूंनी जुळवताना आपण हीच गोष्ट वापरतो.

त्या समीकरणात इलेक्ट्रॉनच्या चिन्हावर वर ० आणि खाली उणे १ लिहितात. वरच्या शून्याचा अर्थ अनेक विद्यार्थी ‘वस्तुमान शून्य’ असा घेतात आणि त्याला आधार म्हणून ‘नगण्य’वाले वाक्य सांगतात. त्या शून्याचा अर्थ आहे ‘न्यूक्लिऑन शून्य’. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान शून्य नाही, जवळपास शून्य म्हणून शून्य धरलेले आहे असेही नाही. न्यूक्लिऑनांची संख्या मात्र अगदी नेमकी शून्य आहे.

५. संज्ञेचा वाटा

या गोंधळाचा सगळा दोष त्या वाक्याला देणे बरोबर नाही. आपली संज्ञाही त्याला हातभार लावते. अणुअंक, अणुवस्तुमान, अणुवस्तुमानांक हे तीन शब्द एका रांगेत ठेवून पाहा. तिसरा शब्द दुसऱ्याच्या शेवटी ‘अंक’ जोडून झाला आहे. साहजिकच वाचणाऱ्याला वाटते की हा वस्तुमानाचाच आकडा. हिंदीत ‘द्रव्यमान संख्या’ म्हणतात. तेथेही द्रव्यमान आहेच, पण ‘संख्या’ हा शब्द वेगळा उभा राहतो आणि ही मोजदाद आहे असे सुचवतो. मराठीत तो ‘अंक’ संधीत विरघळला आहे.

याचा परिणाम नेहमी दिसतो. ‘क्लोरिनचा अणुवस्तुमानांक ३५.५’ असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल, कदाचित स्वतःही लिहिले असेल. क्लोरिनचा कोणताही अणू ३५.५ अणुवस्तुमानांकाचा नसतो. काही अणूंचा तो ३५ असतो, काहींचा ३७. निसर्गात पहिले सुमारे ७६ टक्के आणि दुसरे सुमारे २४ टक्के आढळतात. दोघांच्या वस्तुमानांची भारित सरासरी ३५.४५ डाल्टन येते. ती मूलद्रव्याची सरासरी आहे, एका अणूतली मोजदाद नाही. साडेपस्तीस न्यूक्लिऑन असू शकत नाहीत, हे संज्ञेनेच सांगितले असते तर ही चूक झाली नसती.

इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या राशीसाठी ‘न्यूक्लिऑन नंबर’ असाही पर्याय रूढ आहे. मराठीत ‘न्यूक्लिऑन संख्या’ सहज म्हणता येईल. रूढ संज्ञा बदला असा आग्रह येथे नाही, कारण परीक्षेत तीच येणार आहे. पण पहिल्यांदा शिकवताना ‘अणुवस्तुमानांक, म्हणजेच न्यूक्लिऑन संख्या’ एवढे जोडले, तर पुढचे बरेच गैरसमज वाचतील.

६. हे कारण आले कुठून

चुकीचे कारण इतकी वर्षे टिकते तेव्हा त्यामागे सहसा काही इतिहास असतो. येथेही आहे. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. सुरुवातीला त्यांना वाटत होते की अणूत हजारो इलेक्ट्रॉन असावेत आणि अणूचे वस्तुमान त्यांच्यातूनच यावे. १९०६ मध्ये त्यांनीच दाखवले की इलेक्ट्रॉनांची संख्या अणुभाराच्या पटीत, म्हणजे बरीच कमी आहे. तेव्हा ‘अणूचे वस्तुमान इलेक्ट्रॉनांमुळे नाही’ हा खरोखरच एक महत्त्वाचा शोध होता.

पुढे १९१९ पासून एफ. डब्ल्यू. ॲस्टन यांनी केंब्रिजमध्ये वस्तुमान वर्णपटलेखकाने एकेका समस्थानिकाची वस्तुमाने मापली. ऑक्सिजन १६ धरला तर ती पूर्णांकांच्या फार जवळ येत होती. या पूर्णांकाला आपण आज अणुवस्तुमानांक म्हणतो. लक्षात घ्या, त्या वेळी तो मापलेल्या वस्तुमानाचा जवळचा पूर्णांक होता. न्यूट्रॉन अजून सापडलेला नव्हता. केंद्रक प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचेच बनलेले असते असा समज होता. नायट्रोजन-१४ च्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन मानले जात. म्हणजे केंद्रकाच्या आतच इलेक्ट्रॉन होते, ते वस्तुमानात फारशी भर घालत नव्हते, आणि १४ हा आकडा फक्त प्रोटॉनांचा होता. त्या चित्रात ‘इलेक्ट्रॉन हलके, म्हणून आकड्यात दिसत नाहीत’ हे कारण सुसंगत होते.

१९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि चित्र बदलले. केंद्रकात इलेक्ट्रॉन नाहीत, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आहेत, हे मान्य झाले. तोच पूर्णांक आता न्यूक्लिऑनांची संख्या ठरला. आकडा तोच राहिला, अर्थ बदलला. आपले वाक्य मात्र जुन्या अर्थाच्या चौकटीत राहिले आहे. स्थिर अणूंची वस्तुमाने जवळच्या पूर्णांकात बदलली तर अणुवस्तुमानांक अचूक मिळतो, त्यामुळे जुनी समजूत कुठे अडतही नाही. उत्तर बरोबर येत असल्यामुळे ती टिकली आहे.

७. नगण्य, पण कशाच्या तुलनेत?

आता ‘नगण्य’ या शब्दाकडे परत येऊ. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाकडे दुर्लक्ष केले असते तर विज्ञानाला काय गमवावे लागले असते, याचे एक उदाहरण अणुवस्तुमानांकाच्याच विषयातले आहे.

हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो असे आपण ढोबळपणे म्हणतो. नेमके सांगायचे तर दोघेही आपल्या समान वस्तुमानकेंद्राभोवती हालचाल करतात. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे म्हणून केंद्रकही किंचित हलते. केंद्रक दुप्पट जड असेल तर ते कमी हलते आणि अणूच्या ऊर्जापातळ्या अगदी थोड्या बदलतात. साध्या हायड्रोजनची लाल वर्णरेषा ६५६.२८ नॅनोमीटरवर असते. अणुवस्तुमानांक २ असलेल्या हायड्रोजनची तीच रेषा सुमारे ६५६.१० वर येते. फरक ०.१८ नॅनोमीटर. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान केंद्रकाच्या तुलनेत खरोखरच शून्यवत् असते, तर या कारणाने पडणारा फरक उरला नसता.

१९३१ च्या अखेरीस हॅरल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजनच्या बामर मालिकेतील रेषांशेजारी अशाच क्षीण रेषा शोधल्या आणि ड्यूटेरियमचे अस्तित्व सिद्ध केले. युरींना १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वस्तुमानाला पाठात नगण्य म्हणतात, त्याच्याच खुणेवरून अणुवस्तुमानांक २ असलेला हायड्रोजन सापडला. हे उदाहरण त्याच पाठात दोन ओळींत सांगता येण्यासारखे आहे.

८. हिशेबात इलेक्ट्रॉन

आता विद्यार्थ्याला प्रत्यक्ष नडणारा भाग. केंद्रकीय विघटनात किती ऊर्जा बाहेर पडते, हे वस्तुमानांच्या फरकावरून काढतात. एक डाल्टन म्हणजे ९३१.४९४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या एककाला पुढे एमईव्ही म्हणू. एका इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ०.५११ एमईव्ही.

पहिले उदाहरण: कार्बन-१४.

कार्बन-१४ अणू: १४.००३२४२ डाल्टन
नायट्रोजन-१४ अणू: १४.००३०७४ डाल्टन
फरक: ०.०००१६८ डाल्टन, म्हणजे ०.१५६ एमईव्ही

हा फरक एका इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी आहे. येथे कोण कशाला नगण्य म्हणणार? एका विद्यार्थ्याने केंद्रकांची वस्तुमाने घेतली आणि बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन ‘नगण्य’ म्हणून सोडला, तर त्याला ०.६६७ एमईव्ही मिळतील, म्हणजे चौपटीहून अधिक. दुसऱ्याने अणूंची वस्तुमाने घेतली आणि सावधगिरी म्हणून इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वजा केले, तर उत्तर ऋण येईल. म्हणजे कार्बन-१४ चे विघटन होतच नाही असे ठरेल. मग त्याच्या आधारे कालीबंगन किंवा इनामगाव येथील अवशेषांचा काळ ठरवणेही अशक्य ठरेल. बरोबर रीत अशी: नायट्रोजनच्या उदासीन अणूच्या वस्तुमानात सात इलेक्ट्रॉन आधीच धरलेले आहेत. कार्बनचे सहा आणि बाहेर पडलेला एक, मिळून सात. हिशेब पूर्ण झाला, वेगळे काही वजा करायचे नाही.

दुसरे उदाहरण: फ्लोरिन-१८. रुग्णालयात पेट स्कॅनसाठी हे समस्थानिक वापरतात. ते पॉझिट्रॉन सोडून ऑक्सिजन-१८ होते.

फ्लोरिन-१८ अणू: १८.०००९३८ डाल्टन
ऑक्सिजन-१८ अणू: १७.९९९१६० डाल्टन
फरक: ०.००१७७८ डाल्टन, म्हणजे १.६५६ एमईव्ही

फ्लोरिनकडे नऊ इलेक्ट्रॉन होते, ऑक्सिजनला आठ लागतात. एक इलेक्ट्रॉन उरला आणि वर एक पॉझिट्रॉन निर्माण झाला. दोघांचे वस्तुमान सारखेच. म्हणून येथे १.०२२ एमईव्ही वजा करावे लागतात आणि पॉझिट्रॉनला जास्तीत जास्त ०.६३४ एमईव्ही ऊर्जा मिळते. इलेक्ट्रॉन नगण्य म्हणणाऱ्याचे उत्तर अडीच पटीहून अधिक चुकते. शिवाय पेट यंत्र जे किरण टिपते, ते पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना नष्ट करतात तेव्हा निघणारे ०.५११ एमईव्हीचे गॅमा किरण असतात. ते यंत्र इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावरच चालते.

तिसरे उदाहरण: बेरिलियम-७. त्याचे लिथियम-७ होताना अणूंच्या वस्तुमानांतील फरक ०.८६२ एमईव्ही आहे. तो १.०२२ पेक्षा कमी आहे, म्हणून पॉझिट्रॉन सोडण्याचा मार्ग त्याला बंद आहे. त्याला आपल्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन केंद्रकात ओढून घ्यावा लागतो. सगळे इलेक्ट्रॉन काढून घेतलेले बेरिलियम-७ चे केंद्रक, जसे विश्वकिरणांत आढळते, या मार्गाने विघटित होऊच शकत नाही. कोणता मार्ग खुला आणि कोणता बंद, हे येथे इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ठरवते.

या तिन्ही उदाहरणांत अणुवस्तुमानांक दोन्ही बाजूंना सारखा आहे: १४ आणि १४, १८ आणि १८, ७ आणि ७. मोजदाद जुळली आहे आणि वस्तुमान जुळलेले नाही. विघटनाची सगळी ऊर्जा याच फरकातून येते. जो विद्यार्थी या दोन राशी एकच समजतो, त्याला ही ऊर्जा कुठून आली हे कधीच नीट कळत नाही.

९. वाक्याचा बचाव

या टीकेवर दोन उत्तरे येऊ शकतात. पहिले असे की आठवी-नववीच्या मुलांना बंधनऊर्जा आणि पॉझिट्रॉन कशाला सांगायचे? मान्य. ते सांगू नयेच. पण सोपे करणे आणि चुकीचे कारण देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘इलेक्ट्रॉन केंद्रकात नसतो, म्हणून केंद्रकातील कणांच्या मोजदादीत येत नाही’ हे कारण प्रचलित वाक्यापेक्षा अवघड नाही, उलट सोपे आहे. त्याला वस्तुमानाचा एकही आकडा लागत नाही.

दुसरे उत्तर असे की नगण्यतेचा मुद्दा वगळला तर अणूचे वस्तुमान केंद्रकात एकवटलेले असते ही महत्त्वाची गोष्ट राहून जाईल. ती राहू नये हे बरोबर. ती स्वतंत्रपणे सांगावी. तिला अणुवस्तुमानांकाच्या व्याख्येचे कारण करू नये. दोन खरी विधाने ‘म्हणून’ या शब्दाने जोडली की त्यांतून तिसरे, खोटे विधान तयार होऊ शकते. येथे तेच झाले आहे.

१०. काय लिहावे

नोट्स लिहिणाऱ्यांनी त्या एका वाक्याच्या जागी तीन वाक्ये घालावीत, अशी सूचना आहे:

अणुवस्तुमानांक म्हणजे केंद्रकातील न्यूक्लिऑनांची संख्या. इलेक्ट्रॉन न्यूक्लिऑन नसल्याने तो त्यात येत नाही.

अणूचे ९९.९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान केंद्रकात असते, म्हणून अणुवस्तुमानाचा डाल्टनमधील आकडा अणुवस्तुमानांकाच्या जवळ येतो, पण सहसा त्याच्याइतका नसतो.

अणुवस्तुमान काढताना इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान धरलेले असते.

विद्यार्थ्यांनी परीक्षेत काय लिहावे, हा प्रश्न उरतो. पहिले वाक्य लिहा. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येशी जुळते, त्यामुळे गुण जाण्याचे कारण नाही. त्यापुढे ‘शिवाय इलेक्ट्रॉनचे वस्तुमान केंद्रकाच्या तुलनेत फार कमी असते’ असे जोडायला हरकत नाही. ‘शिवाय’ लिहा, ‘म्हणून’ लिहू नका.

स्वाध्याय

(१) युरेनियम-२३८ च्या अणूचे वस्तुमान २३८.०५०७८८ डाल्टन आहे. ९२ इलेक्ट्रॉनांचे एकूण वस्तुमान काढा आणि ते २३८ च्या वरच्या अपूर्णांकाशी ताडून पाहा. दोन्ही जवळपास सारखे येतील. यावरून ‘अपूर्णांक इलेक्ट्रॉनांमुळे येतो’ असा निष्कर्ष काढता येईल का? लोह-५६ च्या आकड्यांच्या आधारे उत्तर द्या.

(२) पोटॅशियम-४० (३९.९६३९९८ डाल्टन), अरगॉन-४० (३९.९६२३८३) आणि कॅल्शियम-४० (३९.९६२५९१) यांचा अणुवस्तुमानांक सारखाच आहे. पोटॅशियम-४० दोन्हींकडे विघटित होऊ शकते का? कॅल्शियमकडे जाताना किती ऊर्जा बाहेर पडेल? इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वेगळे वजा करावे लागेल का, ते कारणासह सांगा.

(३) तुमच्या स्वतःच्या वहीत किंवा पुस्तकात अणुवस्तुमानांकाचे कारण काय दिले आहे ते पाहा. त्यातला ‘म्हणून’ योग्य ठिकाणी आहे का, ते तपासा.